दिवसातून तीन वेळा द्यावी

शनिवार, २२ नोव्हेंबर. सकाळी सहा वाजून एकतीस मिनिटांनी गावाबाहेरच्या रानात हंगामातला पहिला बार उडाला आणि सहा वाजून चाळीस मिनिटांनी माझी बायको घर सोडून गेली.

हे वाक्य तपशिलात बिनचूक आहे. तरीही, मी एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या उपसंपादकाच्या टेबलावर काढली आहेत, आणि असं वाक्य समोर आलं असतं तर ते मी लिहिणाऱ्याला परत केलं असतं. खरी बातमी एवढीच, की हरणांच्या शिकारीचा हंगाम लागला की आमच्या विस्कॉन्सिनमधले पुरुष बंदुका घेऊन रानात जातात. मग त्यांच्या बायका, ज्यांना त्या नऊ दिवसांपुरतं 'हरणांच्या विधवा' म्हणतात, बहिणींकडे नाहीतर दुकानांत जातात. मार्लिस दरवर्षी चार दिवस तिच्या बहिणीकडे, बर्नादिनकडे जाते. मी शिकारीला जात नाही. (एक्याऐंशी साली मी एका शेतकऱ्याची टपालपेटी टिपली होती. माझ्याबद्दलचं गावाचं मत तेव्हा बनलं, ते आजतागायत दुरुस्त झालेलं नाही.) त्यामुळे मार्लिस ही गावातली अशी एकच विधवा आहे, जिचा नवरा घरी बसून शब्दकोडं सोडवत असतो.

मिट्झी, आमची तेरा वर्षांची आखूड पायांची कुत्री, तिच्याबरोबर गेली. बर्नादिनला मी चालत नाही, मिट्झी चालते.

गाडीची काच खाली करून मार्लिस म्हणाली, "नॉर्ब, ते औषधविम्याचं मी आल्यावर बसून बघू या."

"तू येशील तेव्हा झालेलं असेल."

"अडलं तर फोन कर."

"छापलेलं वाचायला मला फोन लागत नाही."

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं ह्या नजरेचे पाच-सहा प्रकार तयार केले आहेत. हा तिसरा होता. मग तिनं काच वर केली.

औषधविम्याचं म्हणजे काय, ते सांगतो. पासष्टी ओलांडलेल्या माणसाला मेडिकेअर ह्या सरकारी आरोग्यविम्याखाली औषधांच्या विम्यासाठी खाजगी कंपन्यांच्या योजनांतून एक निवडावी लागते. नवरा-बायकोला मिळून एक नाही, ज्याची त्याची वेगळी. दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर ह्या काळात ती बदलता येते. सात तारीख उलटली की जे पदरात पडलं ते वर्षभर पवित्र. माझी योजना ठीक होती. मार्लिसच्या कंपनीनं मात्र सप्टेंबरअखेरीस एक जाडजूड पाकीट पाठवलं. त्यात एकविसाव्या पानावर, दोन आनंदी म्हाताऱ्यांच्या फोटोखाली लिहिलं होतं, की तिची रक्त पातळ ठेवणारी गोळी एक जानेवारीपासून यादीतून वगळण्यात येत आहे.

मार्लिसच्या हृदयाचा ठेका दोन वर्षांपूर्वी बिघडला. ही गोळी सकाळ-संध्याकाळ पोटात गेली नाही तर रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते. आधी तिला ह्याच कामाचं जुनं, स्वस्त औषध दिलं होतं. त्यानं एका रविवारी तिच्या नाकाचा घोळणा फुटला, दोन तास रक्त थांबेना, आणि मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. तेव्हा ही नवी गोळी जिच्यात मिळेल अशी योजना शोधणं, हे ह्या वर्षीचं आमच्या घरातलं एकमेव महत्त्वाचं काम होतं. ते मी अंगावर घेतलं. बारीक टाइप वाचण्याचा धंदाच होता माझा.

कामाची पहिली पायरी म्हणजे औषधांची बिनचूक यादी. मार्लिस रविवारी आठवड्याच्या गोळ्या कप्प्यांच्या डबीत भरून ठेवते आणि बाटल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत परत लावते. प्रवासाला डबी जाते, बाटल्या घरीच. नऊ वाजता मी वही, पेन आणि भिंग घेऊन खिडकीपाशी बसलो. बाटल्या पाच निघाल्या. पाचही बाटल्यांवर दुकानाच्या पद्धतीप्रमाणे आधी आडनाव आणि मग आद्याक्षर: 'पागेल, एम.'

पहिली रक्ताची. दुसरी दाबाची. तिसरी थायरॉइडची. चौथी कोलेस्टेरॉलची.

पाचवी सिल्डेनाफिलची.

ज्यांनी कधी टीव्हीवर फुटबॉलचा सामना मधल्या जाहिरातींसकट बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की हे दमलेल्या पुरुषांसाठीच्या 'त्या' निळ्या गोळीतलं औषध आहे. ते स्त्रियांसाठी नसतं. निदान जाहिरातीत तरी बाई फक्त समुद्राकडे बघून हसते.

मी चष्मा पुसला. भिंग लावलं. औषध तेच होतं. एका महिन्याच्या पंचेचाळीस गोळ्या, त्यांतल्या निम्म्या संपलेल्या. आमच्या डॉक्टरांऐवजी खाली कुणा डॉ. लिंडक्विस्ट यांचं नाव होतं. म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांना कळू नये अशी खबरदारीही घेतलेली. आणि मग सूचना. इथे एकतीस वर्षांचं शिक्षण कामी आलं. बाकीच्या चार बाटल्यांवर छापलं होतं, 'एक गोळी घ्यावी.' ह्या बाटलीवर छापलं होतं, 'अर्धी गोळी द्यावी, अन्नातून, दिवसातून तीन वेळा.'

घ्यावी नाही. द्यावी.

साध्या वाचकाच्या नजरेतून हा फरक निसटला असता. क्रियापद बदलतं तेव्हा कर्ता आणि कर्म बदललेले असतात. ज्याच्या नावावर औषध होतं, त्यानं ते दुसऱ्या कुणाला तरी, अन्नातून, द्यायचं होतं. घरात अन्न खाणारा दुसरा कोण, ह्यावर विचार करायला फार वेळ लागला नाही. माझ्यासमोर शुक्रवारी रात्रीच तिनं करून ठेवलेल्या ओटच्या लापशीचं भांडं होतं. दालचिनी जरा जास्तच वाटली होती मला हल्ली.

ते भांडं मी झाकून ठेवलं आणि पाव भाजला.

रविवारी दुपारी शेजारचा एल्रॉय स्टुम्फ पत्ते घेऊन आला. एल्रॉय ह्या वेळी रानात असायचा, पण शनिवारी सातच्या आत तो मचाणाच्या शिडीवरून खाली आला होता, पायऱ्या न वापरता. कंबर धरून तो खुर्चीत बसला आणि माझं तोंड बघून म्हणाला, "काय झालं? मार्लिस खरीच गेली की काय सोडून?"

मी कुणाला सांगणार नव्हतो. चार डाव हरल्यावर सांगितलं. नावं न घेता, 'समज एखाद्या माणसाला असं आढळलं' अशा पद्धतीनं.

"तुझ्या लापशीत?" एल्रॉय म्हणाला.

"एखाद्याच्या."

"दिवसातून तीन वेळा?"

"तसं छापलंय."

एल्रॉयनं पत्ते खाली ठेवले. "नॉर्ब, मी तुला बासष्ट वर्षं ओळखतो. बाईचा आशावाद बघ."

"ह्यात हसण्यासारखं काही नाही."

"मी हसत नाहीये, माझी कंबर हलतेय. हे बघ, माझं ऐक. गप राहा. लापशी खा. फोन करून विचारायला जाशील तर आजवर जे गुपचूप चाललंय तेही बंद होईल."

"पण मला काही फरक जाणवलेला नाही."

"म्हणून तर तीन वेळा," एल्रॉय म्हणाला.

त्या माणसाच्या सल्ल्यानं मी आयुष्यात एकदा छपराचे पत्रे घेतले होते. पण फोन करू नये, हे मला पटलं. विचारणार काय? 'मार्लिस, तुझं बर्नादिनकडे बरं चाललंय ना, आणि जाता जाता, मी कमी पडतो का?' चाळिशीतला माणूस कदाचित विचारेल. एकाहत्तरीत माणसाला आपला आब राखावा लागतो, कारण राखण्यासारखं दुसरं फारसं उरलेलं नसतं.

त्यापेक्षा स्वतंत्र सूत्रांकडून खात्री करावी. सोमवारी सकाळी नऊ वाजता मी औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवर पाकू वांग होती. तिनं दुकान घेऊन एकच वर्ष झालंय, पण नियमांना पक्की. मी पाचवी बाटली हळूच पुढे सरकवली, लेबल खाली करून.

"हिची जरा माहिती हवी होती. कुणासाठी, कशासाठी."

"तुमची आहे का, मिस्टर पागेल?"

"घरचीच आहे."

"पेशंटची जन्मतारीख सांगा."

इथे नावापेक्षा जन्मतारखेला मान आहे. जन्मतारीख सांगितल्याशिवाय खोकल्याचं औषधही हातात पडत नाही. मी मार्लिसची तारीख सांगितली. पाकूनं ती टाकली, पडद्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं.

"जुळत नाही."

"बारा मे, एकोणीसशे पंचावन्न. मी दरवर्षी केक आणतो."

"केकचं मला माहीत नाही. ह्या पेशंटची तारीख ही नाही."

माझ्या मागे तीन माणसं उभी होती. मी आवाज खाली आणला. "म्हणजे मोठी आहे?"

"ते मला सांगता येणार नाही."

"माझ्याशी लग्न झालंय तिचं."

पाकूनं पुन्हा पडद्याकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होऊन गेलं. मला ते सहानुभूती वाटलं. "मिस्टर पागेल, मला नाही वाटत," ती सावकाश म्हणाली, "की ह्या पेशंटशी तुमचं लग्न झालंय."

मागचं खोकणं थांबलं.

"निदान लहान की मोठी एवढं सांगा."

"लहान," ती म्हणाली. "बरीच लहान. ह्यापुढे मी काहीही सांगू शकत नाही. पेशंटची परवानगी लागते, आणि ह्या पेशंटला सही करायला लावणं जरा अवघड जाईल."

घरी येईपर्यंत मी ह्या माहितीची छाननी करत होतो. मार्लिसनं दुकानात वय कमी सांगितलं असणार. बायका सांगतात. पण बरीच लहान म्हणजे किती? आणि का? माझ्यासाठी असलं औषध मागायचं आणि वयही चोरायचं, म्हणजे तिनं ह्या प्रकरणाचा किती बारकाईनं विचार केला होता! मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. सेहेचाळीस वर्षांनंतर एखादी बाई आपल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे जाते, खोटी जन्मतारीख देते, गोळ्या मोडून अर्ध्या करते. हे प्रेम नाही तर काय?

मंगळवारी दहा वाजता मी ग्रंथालयात गेलो. तिथे दर सोमवारी आणि मंगळवारी म्हाताऱ्यांना योजना निवडायला मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं टेबल असतं. तिथे डेल्फीन व्हॅनडेनहोक बसतात. वय ब्याऐंशी. त्यांनी अर्ध्या गावाला शाळेत टायपिंग शिकवलं, त्या अर्ध्यात मीही येतो. डेल्फीनबाईंना आता कमी ऐकू येतं, म्हणून त्या जगालाच कमी ऐकू येतं असं धरून बोलतात.

"ये, नॉर्बर्ट. पाठ सरळ. यादी आण."

त्यांनी मार्लिसच्या नावानं पान उघडलं आणि माझ्या वहीतून औषधं टंकू लागल्या. पलीकडच्या टेबलावर सात-आठ बायका थँक्सगिव्हिंगसाठी कागदाच्या टर्की कापत होत्या. पहिल्या चार औषधांपर्यंत सगळं सुरळीत होतं.

"सिल्डेनाफिल!" डेल्फीनबाई म्हणाल्या. "नॉर्बर्ट, हे मार्लिसच्या नावावर कसं?"

"ते जरा गुंतागुंतीचं आहे."

"काय आहे?"

"गुंतागुंतीचं!"

कात्र्या थांबल्या.

"दिवसातून तीन वेळा?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "टायपिंगमध्येही तुझी हीच अडचण होती. वेगाच्या मागे लागायचास."

ग्रंथालयात शांतता पाळायची असते आणि त्या क्षणी ती सगळेच पाळत होते.

पडद्यावर योजनांची यादी आली. डेल्फीनबाईंनी ती वरखाली फिरवली. "आता बघ. ही पाचवी गोळी यादीत असली तर 'सिल्व्हर बर्च' सगळ्यात वर येते. काढली तर 'हार्बर बेसिक.' ठेवू की काढू?"

वस्तुस्थिती लपवायची नाही, हा वर्तमानपत्रातल्या आमच्या टेबलाचा नियम होता. पण मी नियमासाठी 'ठेवा' म्हणालो असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. मार्लिसनं माझ्यासाठी एवढा खटाटोप केला, आणि मी ती गोळी खोडायची? मी म्हणालो, "ठेवा."

"सिल्व्हर बर्चमध्ये रक्ताच्या गोळीपुढे दोन बारीक अक्षरं आहेत. ती कसली ते वाचून घे."

"वाचली," मी म्हणालो.

मी ती वाचली नव्हती. मी पाचव्या ओळीकडे बघत होतो. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी बटण दाबलं.

बुधवारी तीन वाजता मार्लिस परत आली. मी दाढी केली होती. निळा शर्ट घातला होता. मिट्झी आधी आत आली, दोनदा खोकली आणि पाण्याच्या भांड्याकडे गेली. मार्लिसनं कोट काढायच्या आधीच फ्रिज उघडला, चीजचा एक गोळा घेतला, खिडकीतली पाचवी बाटली उचलली, सुरीनं गोळीचे दोन तुकडे केले आणि त्यांतला एक चीजमध्ये खुपसला.

मला वाटलं, चीजमध्येही?

"मार्लिस," मी म्हणालो, "लपवायची गरज नाही. मला सगळं कळलंय. मी रागावलेलो नाही. दे, मी तशीच घेतो."

आणि तिच्या हातातून मी ते चीज घेतलं.

"नॉर्ब! ठेव ते! ती मिट्झीची गोळी आहे!"

मी थांबलो. मिट्झी माझ्या पायापाशी येऊन वर बघत होती. तिची नजर चीजवरून हलत नव्हती.

"मिट्झीला कशाला असली गोळी?"

"तिच्या फुफ्फुसातला दाब वाढलाय. मार्चमध्ये डॉक्टर लिंडक्विस्टनी दिली. जनावरांचे डॉक्टर. मी तुला सांगितलं होतं. तू 'हं' म्हणाला होतास."

"बाटलीवर एम. पागेल लिहिलंय."

"मिट्झी पागेल. दुकानात तिचं आडनाव आणखी काय लिहिणार?"

"पण 'द्यावी' लिहिलंय," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला कळलं.

"अरे बाबा, कुत्रीला द्यावीच लागते. ती स्वतः बाटली उघडून घेत नाही." मग तिनं माझा निळा शर्ट बघितला, दाढी बघितली, फ्रिजमधलं पाच दिवसांचं लापशीचं तसंच राहिलेलं भांडं बघितलं. मार्लिस हुशार आहे. ती आधी हळू हसायला लागली, मग खुर्ची शोधून हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "तीन वेळा, नॉर्ब? खरंच? ह्या वयात मला झोप नको का?"

मीही हसलो. इतकं झाल्यावर माणसाला तोच एक मार्ग राहतो. हसता हसता मी म्हणालो, की काही का असेना, योजना निवडून झाली आहे, आणि छापून आणलेला कागद तिच्या हातात दिला.

ती वाचत गेली तसतसं तिचं हसू कमी होत गेलं. रक्ताच्या गोळीपुढच्या दोन अक्षरांवर तिनं बोट ठेवलं. मग कागद उलटून तळटीप काढली. 'हे औषध मिळण्यापूर्वी सदस्याने याच उपयोगाचे आधीचे औषध घेऊन पाहिलेले असावे.'

"आधीचं म्हणजे ते नाकवालं," मार्लिस म्हणाली.

तिनं कागद माझ्यापुढे धरला. "तू हे वाचलं होतंस?"

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका पकडल्या. त्या टेबलावर एकच अपराध अक्षम्य होता: न वाचता 'वाचलं' म्हणणं. "नाही," मी म्हणालो.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "मला ते पुन्हा नकोय, नॉर्ब." आणि मिट्झीला चीज दिलं.

अजून अकरा दिवस होते. मुदतीत कितीही वेळा निवड बदलता येते, शेवटची धरतात. गुरुवारी थँक्सगिव्हिंग, सगळं बंद. शुक्रवारी आम्ही नेहमीप्रमाणे मासे खायला गावच्या खानावळीत गेलो. एल्रॉयनं कुणाला काही सांगितलं नव्हतं, असं तो शपथेवर सांगतो. वाढणारी बाई मात्र मला म्हणाली, "नॉर्ब, तळलेले मासे, की आज लापशी करून आणू?" शेजारच्या टेबलावरच्या तिघा शिकाऱ्यांनी मला उठून जागा दिली. चाळीस वर्षं टपालपेटीवरून हसणाऱ्या माणसांचा हा आदर मी कसा घ्यावा, ते मला ठरवता आलं नाही. "कुत्रीसाठी आहे ती," मी दोनदा सांगितलं. "हो, हो," ते म्हणाले, "आमच्याकडेही कुत्रीच आहे."

सोमवारी, १ डिसेंबरला, मार्लिस स्वतः ग्रंथालयात आली. डेल्फीनबाईंनी पाचवी गोळी खोडली, हार्बर बेसिक वर आली. रक्ताच्या गोळीपुढे कुठलंही अक्षर नव्हतं. मी ते भिंगातून बघितलं, मार्लिसनं बघितलं, डेल्फीनबाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं. बटण मार्लिसनं दाबलं.

इथे ही हकिगत संपायला हवी होती. पण गुरुवारी, ४ तारखेला, दुपारी फोन आला. मार्लिस मिट्झीला घेऊन बाहेर गेली होती. सिल्व्हर बर्च कंपनीची एक गोड आवाजाची बाई मिसेस पागेल यांना विचारत होती. मी म्हणालो, मी त्यांचा नवरा.

"आमच्याकडच्या अर्जाबद्दल एकच विचारायचं होतं. तुमच्याकडून निवड आता बरोबर झाली आहे ना?"

बरोबर हा शब्द ऐकला की मी हुरळतो. ती माझी धंद्याची खोड आहे. "हो," मी म्हणालो, "आता सगळं बरोबर आहे. आम्ही दोघांनी तपासलं. हेच अंतिम."

"फारच छान," ती म्हणाली. तिचा आनंद मला जरा जास्त वाटला होता. पण लोकांचा आनंद तपासणं माझ्या कामात कधी नव्हतं.

रविवारी ७ तारखेला मुदत संपली. मंगळवारी ९ तारखेला सिल्व्हर बर्चचं पत्र आलं. गुरुवारी, ४ डिसेंबरला, आपल्या निवडीवर दूरध्वनीद्वारे शिक्कामोर्तब केल्याबद्दल कंपनी मिसेस एम. पागेल यांची आभारी होती. सोबत एक नवं कार्ड होतं. बुधवारी हार्बरचंही कार्ड आलं. दोन्हींवर तारीख एकच: एक जानेवारीपासून.

मार्लिसनं दोन्ही कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. "'हेच अंतिम' म्हणालास?"

"त्या संदर्भात नाही."

"तिला संदर्भ माहीत होता?"

मी कबूल केलं की नव्हता.

सरकारी हेल्पलाइनला मार्लिसनं फोन केला. मला बोलायची परवानगी नव्हती, आधी नियमाची आणि मग मार्लिसची. बावन्न मिनिटांनी एका सौम्य बाईनं फोन घेतला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. तिच्या पडद्यावर हार्बरचा अर्ज १ तारखेचा दिसत होता आणि सिल्व्हर बर्चनं दावा ४ तारखेचा केला होता. नंतरची तारीख धरतात, हे खरं. पण नवऱ्यानं फोनवर 'बरोबर आहे' म्हणणं ही निवड धरायची का, हे ती ठरवू शकत नव्हती. प्रकरण वरच्या टेबलाकडे पाठवलं आहे, ते कळवतील.

त्याच दिवशी पाकू वांगनं मार्लिसच्या रक्ताच्या गोळ्यांची ह्या वर्षातली शेवटची बाटली भरून दिली. ती ९ जानेवारीपर्यंत पुरेल. पैसे घेताना तिनं माझ्याकडे न बघता मार्लिसला विचारलं, "मिट्झी कशी आहे?" आणि मग माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, ती माफी होती. नियमांच्या चौकटीत राहून.

आमच्या डॉक्टरांनी एक पत्र लिहून ठेवलं आहे, की जुनं औषध पेशंटनं घेऊन पाहिलेलं आहे आणि त्याचं काय झालं. सिल्व्हर बर्चच गळ्यात पडली तर ते पत्र मानतील का, ह्यावर एल्रॉयचं मत आहे की नक्की मानतील. त्यामुळे मला काळजी वाटते. मार्लिस दिवसा त्याबद्दल बोलत नाही. पण सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ वाजता ती गोळी घेते तेव्हा बाटली एकदा उजेडाकडे धरते. पूर्वी धरत नसे. मी पेपरातून डोकं वर करून बघतो, आणि ती म्हणते, "आहेत अजून."

आज शुक्रवार, १९ डिसेंबर. टपाल पावणेदोन वाजता आलं. त्यात सिल्व्हर बर्च, हार्बर आणि सरकार ह्या तिन्हींपैकी कुणाचंच पत्र नव्हतं. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी उठलो, पण मार्लिसनं बोट दाखवून मला खाली बसवलं आणि स्वतः घेतला. "हो, मीच बोलतेय," ती म्हणाली आणि दोन्ही कार्डं पुढ्यात ओढली. त्याला आता अकरा मिनिटं झाली. एवढ्या वेळात ती चार वेळा 'हं' म्हणाली आहे. त्यांतला तिसरा मला जरा खुशीतला वाटला. त्याला अद्याप दुजोरा मिळालेला नाही.